कान

मे सरता सरता जांभळं येतात
पोरांच्या डोक्यावरून, तेलाच्या डब्यांतून.
डब्याला दीडशे. पण आधी जिभा दाखवायच्या.
ज्याची फार जांभळी, त्याचे दहा कापायचे,
हा आमच्या बायचा कायदा,
आणि कापलेले दहा जाताना त्याच्याच मुठीत कोंबायचे,
हाही तिचाच.

मग चार दिवस आम्ही कोपरापर्यंत रंगतो.
जांभूळ दाबायचं, चिरडायचं नाही.
बी फुटली की तुरटपणा
बाटलीपर्यंत पाठ सोडत नाही.
कैतानभावोजी रसात काचेची नळी तरंगवतात,
एक डोळा बारीक करून आकडा वाचतात,
वहीत लिहितात, खोडतात, तोच पुन्हा लिहितात.
नाशकाहून आलेलं यीस्ट कोमट पाण्यात
जागं होईपर्यंत
घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

बाबांची होडी विकली, त्या पैशाचे हे सात बुधले.
जाळी ठेवायची ती खोली आता यांची.
भिंतीवर क्रूस, त्याखाली चौकटीत परवाना.
वेंगुर्ल्याहून ओरोसला किती खेपा झाल्या
ते भावोजींच्या चपलेला विचारा.

पहिल्या वर्षी बायनं बूच काढून नाक नेलं
आणि म्हणाली, "तिसऱ्यात बांगडो आसा."
आम्ही हसलो.
मग तिसऱ्या बुधल्यामागच्या फटीत सापडला
जाळ्याचा वीतभर तुकडा,
बाबा गेले त्या सालापासून सुकत पडलेला.

असं नाक.
तापात ते गेलं.
नेमकं कधी, हे तिनं सांगितलं नाही.
आमटी करपली, म्हणाली लक्ष नव्हतं.
पास्कूच्या लग्नाला अत्तर दोनदा लावून आली.
आणि पाचवा बुधला फसला, आंबून पार शिरका झाला,
मला उंबऱ्यातच डोळ्यांना झोंबलं,
तेव्हा ती वाकली, डोळे मिटले,
नेहमीसारखा लांब श्वास ओढला.
"ह्यो बरो जमलो."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे.
रात्री दोघांनी पाचवा उचलून
किनाऱ्यावर, भरतीच्या रेषेखाली, ओतला.
पाण्यानं तो लगेच नेला नाही.

सकाळी बायनं बुधले मोजले,
एकेकाच्या गळ्यावरून बोट फिरवत.
सहा.
माझ्या पायाच्या नखांत जांभळी वाळू होती,
तेवढी पाहिली
आणि चहा टाकायला गेली.

यंदा ती कुडी काढून ठेवते
आणि काचेला कान लावते.
रबरी नळीतून पाण्यात बुडबुडे सुटतात.
दुसरा घाईत आहे, म्हणते.
चौथा अडखळतो.
सहावा झोपेत बोलणाऱ्या माणसासारखा,
थांबतो,
आणि तुम्ही उठायला लागलात
की पुन्हा काहीतरी.
भावोजींचा आकडा म्हणतो, झालं.
बाय म्हणते, "अजून बोलता हा. उघडू नको."
अकरा दिवस आम्ही सगळे
त्या खोलीतून चवड्यांवर चाललो.
आकडा बरोबर की कान, अजून ठाऊक नाही.
नाताळात बाटल्या उघडतील, त्या सांगतील.

आज गाळताना, फडक्याची दोन टोकं तिच्याकडे,
दोन माझ्याकडे,
खालच्या पातेल्यात बारीक काळी धार,
तिनं वर न बघता विचारलं,
"वास कसो इलो रे?"
पहिल्यांदाच विचारलं.
मला शब्द मिळेनात.
शाळेतली दौत, म्हटलं. सांडलेली, बाकावर.
"आनी?"
चिंचेनं घासलेलं तांबं.
"आनी?"
"आनी वायच बांगडो."

पाठीत धपाटा बसला.
पाच बोटं सदऱ्यावर उठली.
साबणानं गेली नाहीत.
मीही काही फार घासलं नाही.